गावात राहून चित्रांचं काम: दिवस कसा जातो, सुचतं कुठून?

धुऱ्यावरचा (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. अमरावतीला ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करून मागच्या वर्षी गावी परत आलो. घरी साडेचार एकर कोरडवाहू, वडील आणि मोठा भाऊ पाहतात. शिक्षकभरतीची वाट पाहत बसण्यापेक्षा पुस्तकांची, मासिकांची चित्रं काढायची असं मनाशी ठरवलं आहे. आतापर्यंत दोनच कामं झाली. एका कृषी केंद्राचं माहितीपत्रक केलं आणि एका शाळेच्या भिंती रंगवल्या.

माझी अडचण अशी की मोठ्या शहरातले चित्रकार बोलतात तेव्हा प्रदर्शनं, ग्रंथालयं, प्रवास यांबद्दल बोलतात. आमच्या गावचं वाचनालय म्हणजे कुलूप लावलेली खोली. टेबलाशी बसलो की हात आपोआप तेच काढतो: दोन डोंगर, मधून सूर्य, एक नारळाचं झाड, उतरत्या कौलांचं घर, बाजूनं नदी. आमच्या गावात नारळ नाही, डोंगर नाही, नदीही नाही. तरी हात तेच काढतो आणि मग मी वही मिटून ठेवतो.

इथं कोणी खरंच या कामावर पोट चालवणारे असतील तर सांगा. तुमचा दिवस कसा जातो? सुचतं कुठून? आणि पैसे वेळेवर मिळतात का? वडील रोज काही विचारत नाहीत, पण त्यांच्या न विचारण्याचाच मला जास्त त्रास होतो.

पऱ्हाटीफूल (आर्वी तालुका, वर्धा)

भाऊ, तुमच्या नारळाच्या झाडानं मला लिहायला बसवलं. ते झाड माझ्याही चित्रांत कितीतरी वर्षं होतं. ते गेलं कसं तेवढं सांगते, त्यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येईल.

मी मूळची अमरावती शहरातली. मुलांच्या पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची चित्रं काढते, त्याला सोळा वर्षं झाली. लग्न होऊन आर्वीकडच्या खेड्यात आले तेव्हा हातात एका गोष्टीचं काम होतं, त्यात पोळ्याचं चित्र हवं होतं. बैलजोडी मी मन लावून काढली. पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. मामाजी, म्हणजे माझे सासरे, छपरीत बसले होते. त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, चित्र उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "बैल सुंदर हाये बाई. पण हा आपल्याकडला नोहे."

"काहून मामाजी?"

"शिंगं पाह्य नं त्याचे. गवळाऊले असे शिंगं कधी पाह्यले तू?"

मी काढली होती ती मागे झुकलेली, धनुष्यासारखी लांब शिंगं. ती सांगली-सोलापूरकडच्या खिल्लार बैलाची. कॅलेंडरांत आणि पुस्तकांत लहानपणापासून तोच बैल पाहिलेला, म्हणून हाताला तोच बसलेला. आमच्या कोठ्यात मात्र गवळाऊ होता. ही जात आमच्याच भागातली, आर्वी-आष्टी-कारंजाकडची. मी रोज त्याचं शेण काढत होते आणि मला त्याची शिंगं आठवत नव्हती! मामाजी मला कोठ्यात घेऊन गेले, बैलाच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, लाव वीत. मी शिंगाला वीत लावली. माझी वीतसुद्धा भरली नाही. आखूड, टोकाला बोथट, किंचित मागे गेलेलं शिंग. तोंड लांबट आणि अरुंद. अंग पांढरं, पण मानेवर आणि वशिंडावर राखाडी झाक. ती झाक पांढऱ्यात कुठं सुरू होते ते पाहायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

चित्र नव्यानं काढलं, आणि या वेळी पोळ्याची गर्दी काढलीच नाही. आदल्या संध्याकाळची खांदशेकणी काढली. मामाजी पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावताहेत आणि त्याच्या कानाशी म्हणताहेत, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. प्रकाशनाकडून फोन आला की बैल जरा गरीब दिसतात, आधीचे बरे होते. मी चार ओळींचं पत्र लिहिलं, सोबत कोठ्यातला फोटो जोडला आणि हेच चित्र घ्या म्हणून सांगितलं. त्यांनी घेतलं.

तेव्हापासून माझी कामाची रीत ठरून गेली. चित्र आधी गावात त्या गोष्टीतल्या जाणत्या माणसाला दाखवायचं, संपादकाला नंतर. सुचणं म्हणतात ते मला बहुतेक वेळा याच माणसांच्या दुरुस्तीतून मिळालं आहे. कापूस वेचणारी बाई काढली होती. आमच्या शेजारच्या काकूंनी पाहिली आणि म्हणाल्या, "हे एका हातानं काहून वेचून राह्यली? दुसरा हात लुळा हाये का तिचा?" मी वावरात गेले, अर्धा दिवस त्यांच्यासोबत वेचला. दोन्ही हात दोन बोंडांवर एकाच वेळी चालतात. बोटांची टोकं बोंडात खोल घालून कापूस एका ओढीत काढायचा, नाहीतर बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या मुळाशी टोचतात आणि पत्ती कापसाला चिकटते. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तशी बाईची उभं राहायची ढब बदलते, पाठ मागे कलते. दिवसाच्या सुरुवातीची बाई आणि दुपारची बाई एकाच साडीत असली तरी चित्रात दोन वेगळ्या बाया होतात. ही गोष्ट मला घरात बसून दहा जन्मांत सुचली नसती.

कपाशीच्या फुलाचंही तसंच. माझ्या एका चित्रात एकाच झाडावर दुधी-पिवळसर आणि गुलाबी अशी दोन्ही फुलं आहेत. शहरातून विचारणा झाली की एका झाडाला दोन रंग कसे? उमललं त्या दिवशी फूल दुधी असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटत जातं. तुम्ही शेतकऱ्याचा मुलगा, तुम्हाला हे माहीतच असेल. पण वहीत आहे का? माझ्या तर नव्हतं.

दिवसाचं म्हणाल तर आमच्याकडे तो ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात पहाटे साडेचारला बसते, नऊपर्यंत जलरंग. त्यानंतर जमतच नाही. पारा ४५ वर गेला की कागदावर पाणी पसरवून रंग सोडेपर्यंत पाणी उडून गेलेलं असतं आणि आभाळाला पट्टे पडतात. कूलरसमोर बसावं तर ओलाव्यानं कागदाला लाटा येतात. म्हणून नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारचं सगळं काम संगणकावर. कृता हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि पडदा नसलेला साधा पेन टॅबलेट, सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. महागड्या यंत्रासाठी कर्ज काढू नका. पावसाळ्यात कागदाला बुरशी आणि कसर लागते. पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकते, ऊन पडलं की कागद बाहेर काढते. फाइल रात्री अकरानंतर पाठवते, तेव्हा नेटवर्क मोकळं असतं. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्राची पार माती होते. दिवाळी अंकांची कामं माझ्याकडे जूनपासून येतात, म्हणजे ऐन पेरणीत. घरचे सगळे वावरात, चूल माझ्याकडे. तेव्हा एक चित्र दहा बैठकांत होतं, आणि त्यात मला वावगं वाटत नाही. भाकर थापता थापता कितीदा तरी चित्रातली अडलेली जागा सुटली आहे.

रंगांबद्दल दोन गोष्टी, कारण त्या शिकायला मला फार वेळ लागला. काळ्या मातीसाठी ट्यूबमधला काळा वापरू नका. मे महिन्यात भेगाळलेली आपली माती राखाडी-तपकिरी असते आणि पहिल्या पावसानंतर तीच जांभळट निळी दिसते. मी बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन मिसळते. कोरडी हवी तर अंबर जास्त, ओली हवी तर निळा जास्त. दुसरा पळस. नुसतं केशरी लावलं की तो गुलमोहरासारखा दिसतो. एक फूल हातात घेऊन पाहा. बुडाशी मखमलीसारखी काळपट टोपी असते, आणि फाल्गुनात झाडावर पान नसल्यामुळे त्या काळपट ठिपक्यांतूनच केशरी पेटलेला दिसतो. संगणकाच्या पडद्यावरचा झगझगीत केशरी चार रंगांच्या छपाईत उतरत नाही, विटकरी होऊन येतो. मी फुलं आणखी भडक करत नाही. मागचं आभाळ करड्या निळ्या रंगाचं ठेवते आणि फांद्या गडद करते. फूल आपसूक पुढे येतं.

पाहायला म्हणून वर्षातून एकदा तरी सेवाग्रामला जाते. गांधीजी तिथं १९३६ मध्ये राहायला आले. बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननी ताडाची झाडं आणि चरखा उठवून काढले आहेत. रंग नाही, चौकट नाही. लिंपलेल्या भिंतीतूनच झाड थोडंसं वर आलेलं, एवढंच. तिरपा उजेड पडला की दिसतं, नाहीतर भिंतीत मिसळून जातं. दरवेळी त्या भिंतीपुढे माझा पाय निघत नाही. एका अख्ख्या पुस्तकाची चित्रं फक्त एका तपकिरी रंगात करायची हिंमत मला त्या भिंतीनं दिली.

आता पैशाचं. पहिल्या चित्राचे मला ३०० रुपये मिळाले होते, तेही आठ महिन्यांनी. आता अर्धे आधी घेतल्याशिवाय पेन्सिल धरत नाही. माझी एक कायमची सल आहे. त्या खांदशेकणीच्या चित्राचं पुढे कोणीतरी कॅलेंडर केलं. मला आर्वीच्या किराणा दुकानात भिंतीवर दिसलं. कोपऱ्यातली माझी सही कापलेली होती. विचारलं तर म्हणाले, तुमचे पैसे तेव्हाच दिले होते. माझ्याकडे कागद काहीच नव्हता. मामाजींना सांगितलं, तर ते त्या दुकानात जाऊन कॅलेंडर मागून घेऊन आले, आणि वर्ष संपलं तरी त्यांनी ते छपरीतून काढलं नाही.

रातपडदा (वडसा, गडचिरोली)

ताईंचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी पुस्तकांचा चित्रकार नाही, झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवत आलो. आमचा हंगाम धानकापणीनंतर, दिवाळी झाली की सुरू होतो तो होळीपर्यंत. दिवसा गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, रात्री नाटक, ते उजाडेपर्यंत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, चारही जिल्ह्यांतले लोक बैलबंडीनं, ट्रॅक्टरनं येऊन बसतात.

या पोराला एकच सांगतो. पडदा जवळून पाहून रंगवायचा नसतो. चार फटकारे मारायचे, कुंचला ठेवायचा आणि मंडपाच्या शेवटच्या बासापर्यंत चालत जायचं. तिथं चटईवर बसून पाहायचं, कारण म्हातारी माणसं तिथंच बसतात. दिव्याच्या पिवळ्या उजेडात पिवळा रंग पांढऱ्यात विरून जातो आणि निळा काळा पडतो. म्हणून दिवसा जे झाड झकास दिसतं ते रात्री नुसता डाग होतं. मी पहिल्या वर्षी जंगलाचा पडदा दिवसा रंगवला, रात्री नाटकात राजा जंगलात शिरला आणि लोक विचारू लागले, हा विहिरीत उतरला का? सगळं हिरवं पुन्हा पिवळसर करून घेतलं, तेही रात्री, दिवे लावून.

तुमचं पुस्तक कोणत्या उजेडात पाहिलं जाईल याचा विचार करा. गावातलं पोरगं ते संध्याकाळी एका बल्बाखाली उघडते.

फ्लेक्स आल्यापासून आमच्याकडच्या पाट्यांचं काम गेलं, हे खोटं बोलणार नाही. पडद्यांचंही कमी झालं. पण ज्या मंडळ्यांचा मालक जुना आहे तो अजून हातानं रंगवलेलाच पडदा मागतो, कारण फ्लेक्स दिव्याखाली चमकतो आणि नटाचा चेहरा खाऊन टाकतो.

जुळारी (अमरावती)

अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी करतो, वीस वर्षं झाली. ताईंच्या कॅलेंडरसारखी प्रकरणं डोळ्यांसमोर घडली आहेत, म्हणून कायद्याचं थोडं.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ मध्ये चित्रकाराला अडचणीची एक गोष्ट आहे. मोबदला देऊन कोणी रंगचित्र सांगून काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला हक्क सांगणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून काम घेताना एक ओळ तरी लेखी हवी: हक्क चित्रकाराचा, वापराची परवानगी फक्त या पुस्तकाच्या या आवृत्तीपुरती. दोन्हीकडच्या सह्या घ्या. हक्क लिहून द्यायची वेळ आलीच तर कलम १९ लक्षात ठेवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. आणि ताईंची सही कापली त्याबद्दल कलम ५७ आहे. हक्क विकले तरी चित्र आपलं आहे हे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो.

छपाईचं म्हणाल तर पानाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं रंगवून द्या आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्रात माणसाचा चेहरा मधल्या शिलाईवर आणू नका. निम्मे चित्रकार हे विसरतात आणि मला त्यांच्या नायकाचं नाक शोधत बसावं लागतं.

अभ्यासाला काही हवं असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. वाचनालयाला कुलूप असलं तरी फोनवर ते उघडेल. एकेका अंकातली चित्रं मोठी करून रेषा पाहा.

धुऱ्यावरचा

ताई, काका, जुळारीभाऊ, तिघांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण आधी ताईंनी सांगितलं ते करून पाहायचं होतं.

मी तिफण काढली. वडील तिफण हाकताहेत, मागे माय सरत्यानं तूर सोडत चालली आहे, चाडं, नळ्या, तिन्ही फण, सगळं कोठ्यात जाऊन मोजून काढलं. नारळ नाही, डोंगर नाही. रात्री जेवणं झाल्यावर वडिलांपुढे वही ठेवली. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चाडं बरोबर बांधलं. तुह्या आज्याच्या हातची तिफण आहे हे." मला इतकं बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, काय पेरून राह्यलो मी? मी म्हटलं, पऱ्हाटी (कपाशी). तर म्हणे, "पऱ्हाटी आता कोण तिफणीनं पेरते? टोबतात ते. सोयाबीन तर मागच्या साली ट्रॅक्टरनं पेरलं. तू होता कुठं?"

मी अमरावतीत होतो. मग ते स्वतःच दीड तास बोलत बसले, कोणत्या वर्षापासून टोबणी, म्हणजे हातानं बी मातीत लावणं, सुरू झाली, दोरीला गाठी मारून अंतर कसं धरतात, माय एका चिमटीत किती सरक्या धरते. माय आतून म्हणाली, मलेच विचारा, टोबते तर मीच. तीही येऊन बसली. आता प्रश्न असा की तिफणीचं चित्र ठेवू की फाडू?

पऱ्हाटीफूल

फाडू नका हो! त्यावर मागे आजोबांचं नाव आणि वडिलांनी सांगितलं ते साल लिहून ठेवा. कधीतरी कोणाला साठ वर्षांपूर्वीची पेरणी हवी असेल तेव्हा ते चित्र तुमच्याकडे बरोबर निघेल. माझ्या पेटीत असं एक वेगळंच पाकीट आहे.

आता टोबणी काढा. वावरात जायला मृग लागेपर्यंत थांबावं लागेल, पण मायला आजच अंगणात बसवा. हातात सरकी द्या आणि ती चिमूट कशी धरते ते काढा. अंगठा कोणत्या बोटावर टेकतो, सरकी सुटते तेव्हा मनगट खाली जातं का, ओल्या मातीवर पायाची बोटं कशी पसरतात. एका हाताचीच दहा चित्रं होऊ द्या. चेहरा सगळ्यात शेवटी. मी एक नवीन काम घेतलं आहे, शेतात काम करणाऱ्या बायांवरचं मुलांसाठीचं पुस्तक. त्यातल्या दोन पानांवर टोबणी हवी आहे आणि आमच्याकडच्या आणि तुमच्याकडच्या टोबण्याच्या पद्धतीत फरक आहे का ते मला पाहायचंच होतं. ती दहा चित्रं मला पाठवाल का? पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि त्याआधी मायला दाखवा.